आपल्या गावाचा विकिपीडिया लेख मिळून कसा सुधारायचा: खानापूरच्या निमित्ताने

मोबाइलवर गावाचं नाव टाकलं की बहुतेक वेळा आधी विकिपीडियाचा लेख वर येतो. बाहेरगावी शिकणारी आपली पोरं, बदली होऊन येणारे बँकेतले साहेब, हलशीची देवळं बघायला पुण्याहून निघालेली मंडळी, सगळे तेच वाचतात. सीमाभागातल्या कितीतरी गावांच्या लेखांत मात्र 'अमुक हे कर्नाटकातील एक गाव आहे' एवढीच ओळ असते. खाली जुन्या जनगणनेचा एखादा आकडा असतो, आणि मध्येच कुणीतरी रागाच्या भरात घुसडलेलं एक वाक्य. त्याला ना संदर्भ, ना मागचापुढचा धागा.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. वाचनालयात रविवारी जमणारे आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षं आमच्या भागातल्या गावांच्या लेखांवर काम करतोय. सुरुवातीला चुका भरपूर केल्या, दोनदा लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. त्यातून जी पद्धत बसली ती इथे मांडते. उदाहरणं खानापूरची आहेत. निपाणी, चंदगड, अथणी, रायबाग, कुठल्याही गावाला ती लागू पडेल.

आधी ठरवा: कोणतं खानापूर?

हे वाचून हसू येईल, पण पहिली चूक इथेच होते. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुका आहे, त्याचं मुख्य ठाणं विटा. तेलंगणातही खानापूर आहे. घाईत माहिती शोधणारा माणूस सांगलीच्या खानापूरचा आकडा उचलून बेळगावच्या खानापूरला चिकटवतो आणि तो चार संकेतस्थळांवर पसरतो. साधी कसोटी सांगते. आपलं खानापूर साधारण १५.६ उत्तर अक्षांश आणि ७४.५ पूर्व रेखांशावर आहे. एखाद्या नोंदीत अक्षांश १७ च्या पुढे दिसला तर ती आपल्या खानापूरची नाही, बाजूला ठेवा.

जिल्ह्याच्या आतही हा घोळ आहे. देगाव घ्या. म्हादई जिथे उगम पावते ते देगाव खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात. कदंबकालीन कमल नारायण मंदिराचं देगाव (देगांवे असंही म्हणतात) कित्तूरजवळ. नदीचा उगम आणि देऊळ एकाच गावात आहे असं समजून लिहिलेला मजकूर तुम्हाला सापडेलच.

म्हणून कामाला बसण्याआधी एका कागदावर गावाचं पूर्ण नाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, पिनकोड आणि जनगणनेतला गावाचा क्रमांक लिहून भिंतीवर लावा. लेखाच्या शीर्षकात फरक स्पष्ट नसेल तर 'खानापूर (बेळगाव)' असं शीर्षक सुचवता येतं, आणि एकाच नावाच्या सगळ्या गावांची यादी देणारं निःसंदिग्धीकरण पान करता येतं.

माणसं कोण हवीत

चौघं पुरतात, सहा झाली तर उत्तम. एक जण चिकाटीने कागदपत्रं शोधणारा. एक जण ज्याचं मराठी सरळ आणि नेटकं आहे. एक फोटो काढणारा. एक जण जो सारखा 'हे कुठे लिहिलंय?' विचारतो; हा माणूस सगळ्यांना नकोसा होतो, पण त्याच्यामुळे लेख टिकतो.

आणि एक जण कन्नड सफाईने वाचणारा हवाच. हे मी आग्रहाने सांगते. आमच्या भागाची तालुका कचेरीतली कागदं, नगरपंचायतीचे ठराव, कन्नड दैनिकांतल्या बातम्या, शिलालेखांवरचे बरेचसे अलीकडचे अभ्यास कन्नडमध्ये आहेत. ते न वाचता खानापूरवर लिहायचं म्हणजे अर्ध्या गावावर लिहायचं. आमच्या गटात कन्नड शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दोघांच्या कपाळावर आठ्या होत्या. तिसऱ्या रविवारी तेच दोघं त्यांच्याकडे एकेका कागदाचा अर्थ विचारत बसले होते.

खाती आणि टंकलेखन

प्रत्येकाने स्वतःचं खातं उघडायचं. 'खानापूर मित्र मंडळ' असलं संस्थेच्या नावाचं खाते उघडू नका, आणि एक खाते चौघांत वाटून घेऊ नका. दोन्ही गोष्टी विकिपीडियाच्या नियमात बसत नाहीत. खरं नाव द्यायची सक्ती नाही. सीमाप्रश्नासारख्या तापट विषयाच्या आसपास काम करणार असाल तर टोपणनाव घेतलेलं बरं.

शाळेत कार्यशाळा घेणार असाल तर एक अडचण आधीच ओळखा: एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या मुलाला नकार येतो आणि सगळा वर्ग खट्टू होतो. मुलांना आदल्या दिवशी घरूनच, आपापल्या मोबाइलवरून खाती उघडून यायला सांगा.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. मराठी विकिपीडियावर लिहिण्याच्या चौकटीतच 'अक्षरांतरण' आणि 'मराठी इनस्क्रिप्ट' हे पर्याय मिळतात. पहिला आठवडा फक्त धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर घालवा. ठळक अक्षर, दुवा, संदर्भ, शीर्षक या चार गोष्टी हाताला बसल्या की पुरे.

लेखाला हात लावण्याआधी

लेख उघडा, पण 'संपादन' दाबू नका. आधी 'इतिहास' बघा. तिथे प्रत्येक बदल कुणी, कधी केला आणि कुणी परतवला हे सगळं असतं. एखादं वाक्य पाच वेळा घातलं गेलं आणि पाच वेळा काढलं गेलं असेल, तर दुखरी नस तीच. मग 'चर्चा' पान वाचा. तुमच्या मनातला बदल तीन वर्षांपूर्वी कुणी सुचवून त्यावर एकमत झालेलं असू शकतं.

त्यानंतर चर्चा पानावर आपली ओळख आणि बेत लिहा. आम्ही असं लिहितो: 'आम्ही सहा जण पुढच्या दोन महिन्यांत या लेखातील भूगोल, वाहतूक आणि इतिहास हे विभाग संदर्भांसह वाढवू इच्छितो. इतिहास विभागातील तिसऱ्या परिच्छेदाला संदर्भ नाही. कुणाकडे असल्यास कृपया द्यावा. पंधरा दिवस वाट पाहून आम्ही तो बदलू.' एवढ्या चार ओळींनी निम्मे वाद टळतात, कारण अचानक सहा नवी खाती एका लेखावर तुटून पडली की जुन्या संपादकांना शंका येणारच. आमचं पहिलं काम पुसलं गेलं ते याचमुळे. पुसणाऱ्याचं चुकलं नव्हतं.

संदर्भ: सगळा जीव इथे आहे

विकिपीडियावर जे लिहाल ते कुठेतरी आधी छापलेलं, पडताळता येण्याजोगं हवं. 'मला माहीत आहे' चालत नाही, 'आमचे आजोबा सांगायचे' चालत नाही. हा नियम पहिल्यांदा फार कडक वाटतो. पण आपल्यासारख्या भागात, जिथे प्रत्येक गोष्टीला दोन बाजू सांगितल्या जातात, तिथे हाच नियम आपलं रक्षण करतो.

सुरुवात जुन्या गॅझेटिअरपासून करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा २१ वा खंड बेळगाव जिल्ह्यावर आहे, १८८४ साली छापलेला. इंटरनेट आर्काइव्हवर तो फुकट वाचता येतो आणि त्याचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. पिकं, बाजार, रस्ते, देवळं, त्या वेळची लोकसंख्या, सगळं तालुक्यावार मिळतं. मात्र तो इंग्रज अंमलदारांनी लिहून घेतलेला ग्रंथ आहे. जातींविषयीची त्यातली वर्णनं उतरवून घेऊ नका. दंतकथा आली असेल तर 'गॅझेटिअरमध्ये अशी आख्यायिका नोंदवली आहे' असं लिहा, घडलेला इतिहास म्हणून नको. आणि पृष्ठ क्रमांक द्याच. एवढ्या जाडजूड ग्रंथाचं नुसतं नाव देऊन वाचणाऱ्याला काही शोधता येत नाही.

कर्नाटक शासनाचं नंतरचं जिल्हा गॅझेटिअर अधिक अद्ययावत आहे, पण सरकारी प्रकाशनाचा हक्क साठ वर्षं टिकतो. त्यातली माहिती घ्या, वाक्यं आपली लिहा. वर्तमानपत्रांचंही तसंच. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ पासून निघतो आहे. जुने अंक ज्या वाचनालयात असतील तिथे दोन-तीन दुपारी घालवल्या तर पूर, पूल, शाळा, यात्रा यांच्या तारखा हाती लागतात. बातमीचा मथळा, दिनांक आणि पान टिपून घ्या, मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका.

लोकसंख्येसाठी जनगणनेचं जिल्हा पुस्तक वापरा, गावांची यादी देणारी खासगी संकेतस्थळं नको. २०११ नंतरची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे सध्या आधार २०११ चाच. त्या वेळी जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती. इथे एक खड्डा आहे: २०११ नंतर जिल्ह्यात निपाणी, कागवाड, मूडलगी असे नवे तालुके झाले. २०११ च्या पुस्तकात निपाणी चिकोडी तालुक्यात आहे. आजच्या निपाणी तालुक्याच्या लेखात चिकोडीचा जुना आकडा टाकला की दोन्ही लेख चुकतात. मातृभाषांचे आकडे हवे असतील तर त्याच जनगणनेचा सी-१६ हा तक्ता बघा. आमच्याकडे 'इथे इतके टक्के अमुक भाषक' हे वाक्य सर्वांत जास्त वेळा बदललं जातं. त्याला तक्त्याचं नाव, वर्ष आणि प्रशासकीय घटक (शहर की तालुका) जोडलं की बदलणं थांबतं.

प्राचीन इतिहासासाठी शिलालेखांच्या प्रकाशित वाचनांकडे जा. हलशी म्हणजे कदंब राजघराण्याच्या काळातली पलाशिका. तिथले ताम्रपट पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १८७० च्या दशकात 'इंडियन अँटिक्वरी'मध्ये छापले, आणि काकुस्थवर्म्यासारख्या राजांची नावं आपल्याला तिथूनच मिळतात. अशा छापील वाचनाचा संदर्भ द्यायचा. शेताच्या बांधावरच्या वीरगळाचा अर्थ आपणच लावून लेखात लिहिला तर ते 'मूळ संशोधन' ठरतं आणि काढलं जातं. तसा वीरगळ सापडला तर फोटो काढा, जागा टिपा आणि पुराभिलेखाच्या जाणकाराला कळवा.

गोल फिरणाऱ्या संदर्भापासून सावध राहा. कुणीतरी विकिपीडियावर चुकीचं वाक्य घालतं, पर्यटनाचं एक संकेतस्थळ ते उचलतं, वर्षभराने दुसरा कुणी त्या संकेतस्थळाचा दाखला देऊन तेच वाक्य पक्कं करतो. ओळखण्याचा मार्ग: लेखाच्या इतिहासात जाऊन ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं बघा. ते संकेतस्थळाच्या तारखेआधीचं असेल तर संदर्भ बाद.

'फक्त इथेच', 'सर्वांत मोठं', 'एकमेव' असे शब्द दिसले की लाल पेन्सिल घ्या. भीमगडच्या परिसरातल्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ याचं चांगलं उदाहरण आहे. 'जगात फक्त इथेच आढळतं' हे अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं, आणि एके काळी तशीच समजूत होती. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळलं. आपल्या गावाचा अभिमान मलाही आहे, पण दुरुस्त वाक्य असं होतं: 'बराच काळ या वटवाघळाचं हे एकमेव ज्ञात ठिकाण होतं.' त्यात बारापेडेचं मोल कमी होत नाही.

तारखांचंही असंच. संगोळी रायण्णांना नंदगड इथे २६ जानेवारी १८३१ रोजी फाशी दिलं, तिथे त्यांची समाधी आहे. जन्मसाल मात्र कुठे १७९६ तर कुठे १७९८ मिळतं. अशा वेळी आपल्याला आवडेल ते एक निवडायचं नसतं. दोन्ही द्या, दोन्हींचे संदर्भ द्या.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी

हा भाग मला सर्वांत जवळचा. कुंभारवाड्यातले आजोबा खानापूरच्या मातीबद्दल, भट्टीबद्दल, कौलांबद्दल जे सांगतात ते कुठल्याच ग्रंथात नाही. खानापूरची मातीकामाची ओळख एवढी जुनी की खादी आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था इथे आहे. पण आजोबांचं बोलणं थेट लेखात घालता येत नाही.

मग करायचं काय? परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. त्यावर लेख लिहून स्थानिक दैनिकाच्या पुरवणीत, दिवाळी अंकात किंवा शाळेच्या स्मरणिकेत छापून आणा, सांगणाऱ्याच्या नावानिशी. छापून आलं, संपादकाच्या नजरेखालून गेलं, की मग तुमच्या गटाबाहेरच्या कुणीतरी त्याचा संदर्भ वापरणं योग्य. याला वर्ष लागेल. पण तोवर रेकॉर्डिंग तर सुरक्षित राहिलं! शाळांचे शतकमहोत्सवी अंक, सोसायट्यांचे अहवाल, देवस्थानच्या स्मरणिका हेही याच जातीचे संदर्भ. स्थापनेचं साल, इमारतीचा खर्च अशा साध्या गोष्टींसाठी ते चालतात, संस्थेच्या थोरवीसाठी नाही.

सीमाप्रश्न कसा लिहायचा

टाळून चालणार नाही, आणि अख्खा लेख त्याने भरूनही चालणार नाही. खानापूर म्हणजे मलप्रभा, लोंढ्याची गाडी, कणकुंबीचा पाऊस, जांबोटीचं जंगलही आहे. सीमाप्रश्नावर स्वतंत्र लेख आहे. गावाच्या लेखात एक परिच्छेद आणि त्या लेखाचा दुवा पुरतो.

त्या परिच्छेदात काळाप्रमाणे नावं वापरा. इथे दोन्हीकडचे लोक चुकतात. '१९५६ साली बेळगाव महाराष्ट्रातून कर्नाटकात गेलं' हे वाक्य किती वेळा वाचलंय! १९५६ साली महाराष्ट्र राज्य नव्हतं, ते १ मे १९६० ला झालं. कर्नाटक हे नावही राज्याला १ नोव्हेंबर १९७३ ला मिळालं. नेमकं वाक्य असं: '१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्यानुसार चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला.' यात कुणाची बाजू नाही आणि खोडायला जागाही नाही.

पुढे क्रमाने: १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली अहवाल आला, महाराष्ट्राने तो मान्य केला नाही, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रत्येक राज्याचं म्हणणं त्या राज्याच्या नावाने लिहा: 'महाराष्ट्राची भूमिका अशी', 'कर्नाटकाची भूमिका अशी'. 'अन्याय', 'घुसखोरी', 'हक्काची भूमी' हे शब्द भाषणात शोभतात, ज्ञानकोशात कुणाच्या तरी अवतरणातच. १ नोव्हेंबरला मराठी भाषक संघटना काळा दिन पाळतात आणि त्याच दिवशी राज्याचा राज्योत्सव असतो. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी, एकाच सुरात लिहा. हे लिहिताना माझा हात थरथरतो, कारण आमच्या घरातही या प्रश्नापायी तुरुंगात गेलेली माणसं आहेत. तरीही लेखात तो सूर येऊ द्यायचा नाही हे आम्ही ठरवलं आणि पाळलं.

नावाबद्दल: १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी. मराठीत रूढ नाव बेळगाव. मराठी लेखात पहिल्या उल्लेखात 'बेळगाव (अधिकृत नाव बेळगावी)' लिहून पुढे बेळगाव चालू ठेवा. कन्नड विकिपीडियात जाऊन तिथलं 'बेळगावी' बदलायचा प्रयत्न करू नका, तो त्या भाषेचा निर्णय आहे. हलशी-हलसी, मलप्रभा-मलाप्रभा, लोंढा-लोंडा अशा जोड्यांसाठी पुनर्निर्देशन करून ठेवा, म्हणजे कोणत्याही नावाने शोधलं तरी वाचक योग्य पानावर पोचतो.

लिहायला बसल्यावर

थेट लेखात लिहू नका. आपल्या सदस्य पानाखाली कच्चं पान तयार करा आणि एकेक विभाग तिथे पक्का करा. आधी प्रस्तावना. 'निसर्गाच्या कुशीत वसलेलं, ऐतिहासिक वारसा लाभलेलं सुंदर खानापूर' हे वाक्य कुठल्याही गावाला बसतं, म्हणून ते निरुपयोगी. त्याजागी:

'खानापूर हे भारताच्या कर्नाटक राज्यातील बेळगाव जिल्ह्यातील एक शहर व तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. ते मलप्रभा नदीच्या काठी, मिरज-लोंढा लोहमार्गावर वसले आहे. मलप्रभेचा उगम याच तालुक्यातील कणकुंबी येथे होतो.'

कोरडं वाटतं, पण तीन ओळींत तीन गोष्टी पक्क्या झाल्या. लेखाची भाषा प्रमाण मराठी ठेवा, 'आहे-होते-केले' अशी. माझ्यासारखं बोलल्यासारखं लिहू नका.

भूगोलाचा विभाग आमच्या तालुक्यात आपोआप श्रीमंत होतो. पश्चिमेला सह्याद्री, २०११ साली घोषित झालेलं सुमारे १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य, एकाच तालुक्यातून पूर्वेला कृष्णेकडे जाणारी मलप्रभा आणि पश्चिमेला समुद्राकडे जाणारी म्हादई. हा जलविभाजक नीट समजावला तर म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कळसा-बंडुरी योजनेचा वाद वाचकाला आपोआप कळतो. त्या वादाचा तपशील मात्र त्याच्या लेखात. गावाच्या लेखात '१४ ऑगस्ट २०१८ रोजी म्हादई पाणीतंटा लवादाने निवाडा दिला' एवढं आणि दुवा.

वाहतुकीत रेल्वे, बेळगाव-पणजी महामार्ग (क्रमांक ७४८, पूर्वीचा ४-अ) आणि सरकारी बससेवा. गाड्यांचं वेळापत्रक घालू नका, ते बदलत राहतं. शिक्षण विभागात शाळांच्या याद्या नको. 'गावातील मान्यवर' हा विभाग तर आम्ही ठेवतच नाही, कारण तिथे निवडणुकीच्या आधी फार गर्दी होते. ज्यांच्यावर स्वतंत्र लेख आहे अशांचाच उल्लेख करावा. आणि ज्या संस्थेत तुम्ही नोकरी करता किंवा पदाधिकारी आहात तिच्याबद्दल स्वतः लिहू नका. चर्चा पानावर सुचवा, दुसरा कुणी लिहील.

प्रत्येक जतनाच्या वेळी खालच्या रकान्यात काय बदललं ते एका ओळीत लिहा: 'लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे दुरुस्त, संदर्भ जोडला.' एका वेळी एकच विभाग बदला. पाच विभाग एकदम बदलले की त्यातलं एक वाक्य न पटणारा संपादक नाइलाजाने सगळंच परतवतो.

फोटो

खानापूरच्या लेखाला नदीवरचा पूल, रेल्वे स्थानक, बाजारपेठ, कुंभाराचं चाक आणि हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर एवढे पाच चांगले फोटो मिळाले तर लेखाचं रूप बदलतं. स्वतः काढलेलेच फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामाईक साठ्यावर चढवा. व्हॉट्सअॅपवर आलेला सुंदर फोटो कुणाचा तरी असतो. सार्वजनिक जागेतल्या इमारती आणि कायमस्वरूपी शिल्पांचे फोटो काढून प्रसिद्ध करायला भारताचा स्वामित्वहक्क कायदा मुभा देतो. भित्तिचित्रं आणि फलकांना ती नाही. माणसांना विचारून काढा, शाळेतल्या मुलांचे चेहरे टाळा.

बारापेडे गुहांची नेमकी जागा फोटोबरोबर टाकू नका. लोक टॉर्च घेऊन जातात आणि वटवाघळं विस्कटतात. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही हे तर आहेच.

भांडण झालं तर

होईलच. कुणी तुमचं वाक्य काढलं तर लगेच परत घालू नका. चर्चा पानावर त्या संपादकाला हाक मारून विचारा: नेमकी हरकत कशाला, संदर्भाला की मांडणीला? संदर्भाला असेल तर दुसरा शोधा. मांडणीला असेल तर त्यालाच वाक्य सुचवायला सांगा. तरीही अडलं तर चावडीवर (सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) मांडा किंवा प्रचालकांना, म्हणजे देखरेखीचे अधिकार असलेल्या संपादकांना कळवा. गटातल्या चौघांनी एका बाजूने मतं टाकायला धावू नका. आधीच सांगा की आपण एकत्र काम करतो.

एकदा एका देवळाच्या काळावरून आमचं एका कन्नड संपादकाशी दीड महिना चाललं. शेवटी त्यांनी एक शोधनिबंध दाखवला, आमच्या बाईंनी तो वाचून सांगितलं की त्यांचं बरोबर आहे. आम्ही वाक्य बदललं. आता तेच गृहस्थ आमची कन्नड संदर्भांची शब्दरूपं तपासून देतात.

कन्नड आणि इंग्रजी लेख

मराठी लेख उभा राहिला की बाकीचे दोन बघा. तिन्हींत लोकसंख्या, अक्षांश-रेखांश, नदीचं नाव जुळतं का? मूलभूत माहिती विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांच्या सामाईक माहितीसाठ्यावर दुरुस्त केली तर ती अनेक भाषांच्या माहितीचौकटींत (लेखाच्या बाजूच्या तक्त्यांत) आपोआप जाते. कन्नड लेखातला चांगला परिच्छेद मराठीत आणायचा असेल तर खुशाल आणा. बदलाच्या सारांशात कोणत्या लेखावरून भाषांतर केलं ते दुव्यासह लिहा, परवान्याची तशी अट आहे. यंत्राने केलेलं भाषांतर ओळ न ओळ वाचल्याशिवाय जतन करू नका. गावांची नावं त्यात हमखास बिघडतात.

नंतरची राखण

लेख आपल्या निरीक्षणसूचीत (लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत) टाका, प्रत्येकाने. आम्ही महिन्याचा पहिला रविवार वाटून घेतलाय. ज्याची पाळी त्याने दहा मिनिटं अलीकडचे बदल बघायचे. दरवर्षी पावसाळा संपला की संदर्भांचे दुवे उघडून बघायचे, मेलेल्या दुव्यांच्या जागी जतन केलेली प्रत जोडायची.

चर्चा पानावर आम्ही एक यादी ठेवली आहे: २०११ चे आकडे लेखात कुठे कुठे वापरलेत, प्रस्तावना, माहितीचौकट, लोकसंख्या विभाग, भाषा विभाग. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. नवे आकडे आले की ही यादी समोर ठेवून चारही जागा एकाच दिवशी बदलायच्या, आणि २०११ चा आकडा पुसून न टाकता तक्त्यात मागच्या ओळीत सरकवायचा.